मामाची ट्रंक, इंद्रजाल आणि ते अमेरिकन ग्रेडिंग: करावं का?

गिरगाव_ते_मुलुंड
नमस्कार मंडळी. आमच्या मामाची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला चालली आहे. खोली रिकामी करताना माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली उतरली. आत सगळी कॉमिक्स! इंद्रजाल मराठी आणि इंग्रजी दोन्ही, अमर चित्र कथा, तीन जाडजूड बाइंडिंग केलेले संच, आणि मामा फोर्टात नोकरीला असताना फुटपाथवरून घेतलेली मार्व्हल-डीसीची बरीच. माझ्या मुलीने फोनवर बातमी दाखवली की २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा १९३८ सालचा पहिला अंक लिलावात ६० लाख डॉलरना गेला. तेव्हापासून मामी ट्रंकेला कुलूप लावून बसली आहे.

त्या बातमीत ‘८.५ ग्रेड’ असं काहीतरी होतं. हे ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय, भारतातून करून मिळतं का, आणि खर्च किती येतो? दुसरं म्हणजे पाऊस तोंडावर आलाय. आमची जागा तळमजल्यावर आहे. तोवर हे सगळं ठेवू कुठे? जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खवचट_काका
ग्रेडिंग म्हणजे कॉमिक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करायचं, जेणेकरून ते कोणी वाचू नये. इंद्रजालमधल्या वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) कवटीच्या गुहेतसुद्धा आत जायला वाट होती हो.

बोरिवली_फास्ट
काका, हलके घ्या :)

@गिरगाव_ते_मुलुंड, थोडक्यात सांगतो. सीजीसी ही फ्लोरिडातली कंपनी २००० सालापासून हे काम करते. सीबीसीएस ही तशीच दुसरी कंपनी २०१४ मध्ये आली. तुम्ही अंक पाठवता, तिथे एकाहून जास्त परीक्षक तो पानन् पान बघतात, कुठे रंग भरलाय का, कडा कापल्यात का, पानं बदललीत का हे तपासतात आणि ०.५ ते १० मध्ये आकडा देतात. ९.४ म्हणजे ‘निअर मिंट’, ८ ‘व्हेरी फाइन’, ६ ‘फाइन’, ४ ‘व्हेरी गुड’, २ ‘गुड’. नावांवर जाऊ नका, ‘गुड’ म्हणजे बऱ्यापैकी फाटका अंक असतो. मग तो कडक पारदर्शक कवचात बंद करून वर लेबल लावतात. यालाच सगळे स्लॅब म्हणतात.

लेबलाचा रंग बघायला शिका. निळं म्हणजे साधं, निर्मळ. जांभळं म्हणजे अंकावर रिस्टोरेशन झालंय, आणि जांभळं दिसलं की गिऱ्हाईक पळतं. हिरवं म्हणजे एखादा मोठा दोष वेगळा नोंदवलाय. पिवळं म्हणजे कंपनीच्या माणसासमोर घेतलेली स्वाक्षरी. कॉमिक कॉनला रांगेत उभं राहून चित्रकाराची सही घेतली असेल पण कंपनीचा साक्षीदार नसेल, तर पिवळं मिळत नाही.

प्रत्येक स्लॅबवर क्रमांक असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून पडताळता येतो. कुठल्या अंकाच्या किती प्रती कुठल्या ग्रेडच्या आहेत, त्याची खानेसुमारीही तिथेच असते.

रद्दीतलं_सोनं
आधी एक ठरवा. विकायचंय की ठेवायचंय? त्याशिवाय पुढचं काहीच बोलता येत नाही. दोन्हींचे रस्ते पहिल्याच वळणावर फुटतात, ते का हे कागदवाली ताई माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी ट्रंकेतला माल कसा चाळायचा तेवढं सांगतो.

फोर्टातली मार्व्हल-डीसी आधी बाहेर काढा. हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर येणारा माल तीन-चार तऱ्हेचा असायचा. किंमत सेंटमध्ये छापलेली असेल तर अमेरिकन प्रत. पेन्समध्ये असेल तर ब्रिटनसाठी छापलेली. ती कमअस्सल समजून बाजूला टाकू नका, मार्व्हलच्या पेन्सवाल्या प्रती अमेरिकेतच, त्याच छपाईत निघायच्या. रुपयांत असेल तर भारतीय पुनर्मुद्रण. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गॉथम कॉमिक्सने मार्व्हल आणि डीसीचे अंक इथे छापायला घेतले. त्यांना बाजारात फारसा भाव नाही.

अपवाद एकच, पण मोठा. याच गॉथमने २००४ साली ‘स्पायडर-मॅन: इंडिया’चे चार अंक काढले. मुंबईतला पवित्र प्रभाकर, धोतरातला स्पायडर-मॅन. तेव्हा आम्ही हसलो होतो. २०२३ मध्ये तो पडद्यावर आला आणि लोक तेच अंक शोधत फिरायला लागले. मार्व्हलची अमेरिकन आवृत्ती नंतरची, २००५ ची. तुमच्याकडे रुपयांत किंमत असलेले अंक निघाले तर ते वेगळे ठेवा.

१९७४-७५ च्या मार्व्हल अंकांत पत्रांच्या पानावर ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापलेला असायचा, मुलं तो कापून घेत. ‘इनक्रेडिबल हल्क’ १८१, म्हणजे वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्णपणे दिसतो तो अंक, कोणाला सापडला की मी पहिला प्रश्न विचारतो: स्टॅम्प आहे का? कापलेला असेल तर हिरवं लेबल आणि किंमत कोसळलेली. तेव्हा नुसतं मुखपृष्ठ बघून नाचू नका, आतली पानं मोजा.

अमर चित्र कथेचं गणित वेगळं. १९६७ साली अनंत पैंनी ही मालिका सुरू केली, पण पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. आपल्या ओळखीचा ‘कृष्ण’ आला तो ११ व्या क्रमांकाला. राम वाईरकरांची चित्रं. नंतर याच पुस्तकांची इतक्या वेळा छपाई झाली की घराघरात जो ‘कृष्ण’ असतो तो बहुधा ५०१ क्रमांकाचा, म्हणजे खूप नंतरचा. मागच्या पानावर इतर पुस्तकांची जी यादी असते ती किती लांब आहे ते बघा, छपाई जुनी की नवी याचा अंदाज तिथेच येतो.

आणि बाइंडिंगचे संच. इथे मला वाईट बातमी द्यायची आहे. आपल्याकडचे बाइंडर शिवून झालं की तिन्ही कडा कटरखाली घालून सरळ करत. दिसायला सुंदर, पण ग्रेडिंगवाल्याच्या लेखी ‘कडा कापलेली प्रत’. शिवण उसवून सुटे अंक विकणारे महाभाग आहेत. संच आहे तसाच ठेवा, त्याला वाचनाची किंमत आहे.

मध्यमवर्गीय
रुमाल टाकतो. इंद्रजालचं काय मग? माझ्याकडेही पन्नासेक आहेत.

रद्दीतलं_सोनं
इंद्रजाल म्हणजे आपल्या बोरीबंदरचंच अपत्य. टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं, पहिला अंक फँटमचा, आणि १९९० पर्यंत ८०३ अंक निघाले. १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूरही आला, गोविंद ब्राह्मणियांच्या चित्रांसकट. बी. गोविंद यांची मुखपृष्ठं तर आजही लोक भिंतीवर लावतात.

आता मत. मराठी इंद्रजाल स्लॅबमध्ये घालून काय साधणार? त्याचा खरा गिऱ्हाईक दादर-पार्ले-पुणे-नागपूरकडचा, पन्नाशी ओलांडलेला. त्याला अंक उघडून आत आपला वेताळ बघायचा असतो, त्याचं डेंकालीचं जंगल बघायचं असतं. अमेरिकन माणसाला तो वाचताही येत नाही. ग्रेडचा आकडा तिथेच पैसे देतो जिथे शेकडो लोक त्याच अंकाच्या ९.२ आणि ९.६ मधल्या फरकासाठी भांडतात. मराठी इंद्रजालला अशी बाजारपेठच नाही. स्कॅन करून स्वतःपुरते ठेवा आणि मूळ अंक नीट सांभाळा.

बोरिवली_फास्ट
इथे मी सोनंकाकांशी सहमत नाही. सुरुवातीच्या अंकांत झेरॉक्स मुखपृष्ठ लावून विकण्याचे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. पानं एका अंकाची, कव्हर रंगीत प्रिंटरचं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत कळत नाही, पैसे गेल्यावर कळतं. त्रयस्थ माणसाने तपासून बंद केलेली प्रत असेल तर निदान हा घोळ टळतो. सीजीसी परदेशी प्रकाशनंही घेते.

रद्दीतलं_सोनं
त्रयस्थावरचा विश्वाससुद्धा जपून. २०२३ च्या अखेरीस सीजीसीचंच प्रकरण उघड झालं होतं ना? एका विक्रेत्याने कवच बदलून घेण्याच्या सोयीचा फायदा घेऊन चांगल्या ग्रेडच्या लेबलाखाली हलक्या प्रती घुसवल्या होत्या. कंपनीने संशयित स्लॅबची यादी जाहीर केली, हे त्यांच्या बाजूने. पण ‘स्लॅब आहे म्हणजे डोळे मिटून घ्या’ हे मी ऐकून घेणार नाही. झेरॉक्स कव्हर हाताला लागतं, कागद गुळगुळीत असतो. माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळच्या विक्रेत्याकडे उभं राहून अंक हातात घेऊन बघायची सवय लावा.

बोरिवली_फास्ट
आणि जे अमरावतीत बसलेत त्यांनी माटुंग्याला यायचं?

खवचट_काका
विदर्भ एक्स्प्रेस आहे की.

कागदवाली
मी कागद-संवर्धनाचं काम करते, जुने नकाशे, पोथ्या, दप्तरं. कॉमिक्स क्वचित येतात, पण कागद तोच, किंबहुना सगळ्यात वाईट. जुनी कॉमिक्स न्यूजप्रिंटवर छापलेली असतात. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की आम्ल तयार होतं आणि पान पिवळं, मग तपकिरी, मग कुरकुरीत होतं. हे थांबवता येत नाही, फक्त मंदावता येतं.

वर ‘रस्ते फुटतात’ म्हटलंय ते असं. समजा पिना गंजल्या आहेत, आणि मुंबईत त्या गंजणारच, गिरगाव तर समुद्राच्या शेजारी. गंज हळूहळू कागदात उतरतो आणि पिनेभोवतीचं पान खातो. अंक ठेवायचा असेल तर माझं उत्तर सरळ आहे: पिना काढायच्या, गंजाचा चुरा मऊ ब्रशने झाडायचा, त्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवायचं. पण विकायचा असेल तर हेच काम ‘हस्तक्षेप’ म्हणून लेबलावर चढतं. फाटलेल्या जागी जपानी कागदाची पट्टी लावणं, आम्ल काढण्यासाठी धुणं, सगळ्याचं तेच. बाजाराला अस्पर्श अंक हवा असतो आणि कागदाला उपचार. दोघांनाही खूश करता येत नाही. म्हणून निर्णय होईपर्यंत कशालाही हात लावू नका. सेलोटेप तर नाहीच नाही, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे लोक प्रेमापोटी मुखपृष्ठ लॅमिनेट करून आणतात. ते परत निघत नाही.

आता पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरायला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई ८० च्या वरच असते. आपल्याला हवी ४५ ते ५०. फार कोरडंही नको, कागद ठिसूळ होतो. आधी एक छोटा आर्द्रतामापक घ्या, फार महाग नसतो. मग कॅमेरावाले लेन्स ठेवतात ते ड्राय कॅबिनेट बघा. मोजक्या मौल्यवान अंकांसाठी मुंबईत त्याहून सोपा उपाय माझ्या माहितीत नाही. बाकीच्यांना घट्ट झाकणाचे डबे आणि सिलिका जेल. नारिंगी दाण्यांचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. नुसतं टाकून विसरलात तर उपयोग शून्य.

ट्रंक उघडल्यावर लगेच प्लास्टिकमध्ये भरू नका. ओल आत कोंडली जाईल. पंख्याच्या खोलीत, उन्हात अजिबात नाही, अंक उभे किंचित उघडून दोन दिवस वारा लागू द्या. पानांवर चंदेरी कसर पळताना दिसली किंवा कागद ओरबाडल्यासारखा दिसला तर तो अंक वेगळा काढा, पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांखाली दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर पाणी धरतं. बुरशी मात्र याने मरत नाही, फक्त झोपते.

डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि शाईला दोन्हींना बाधते. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवायचं असेल तर सुकवून, कापडी पुरचुंडीत, अंकांना न टेकता. थेट पानांत ठेवलेल्या पाल्याचे डाग मी पोथ्यांतून आजही काढत असते.

गिरगाव_ते_मुलुंड
ताई, हे सगळं मुलीला प्रिंट काढून दिलंय. स्लॅबमध्ये घातलं की निदान ओलीची कटकट संपते ना?

कागदवाली
नाही. स्लॅब हवाबंद नसतो. आतला कागद बाहेरची आर्द्रता हळूहळू घेतोच, अंक आत लाटेसारखा वळतो आणि तुम्ही तो सरळही करू शकत नाही. स्लॅब हाताळणीपासून वाचवतो, मुंबईपासून नाही. तो ठेवायचाही त्याच कॅबिनेटमध्ये.

तळमजल्याबद्दल: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर माझ्या ओळखीच्या संग्राहकांनी जमिनीवर काही ठेवणं बंद केलं. कमरेच्या वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, शक्यतो लोखंडी कपाटात. लाकूड आणि प्लायमधूनही आम्लाची वाफ निघते.

विनू_डोंबिवली
प्रेसिंग करून, म्हणजे अंक दाबून सपाट करून, ग्रेड वाढतो असं यूट्यूबवर बघितलं. घरी इस्त्रीने, मध्ये बटर पेपर घालून?

कागदवाली
नको!!

बोरिवली_फास्ट
प्रेसिंग खरं आहे, पण त्यात तापमान, ओल आणि दाब तिन्ही मोजून देतात. सीजीसी त्याला रिस्टोरेशन धरत नाही, त्यांचा स्वतःचाच प्रेसिंग विभाग आहे. शाई न तुटलेली घडी किंवा बोटाचा खळगा निघतो. घडीवर पांढरी रेघ दिसत असेल, म्हणजे रंग तुटलाय, तर ती कोणीही घालवू शकत नाही. इस्त्रीने कव्हर पिनांपाशी सुटतं आणि छपाई चमकायला लागते. परीक्षकाला ते लगेच ओळखता येतं.

मध्यमवर्गीय
मुद्द्याचं बोला. खर्च?

बोरिवली_फास्ट
सीजीसीचे दर अंकाचं वय आणि तुम्ही सांगितलेली किंमत यांवर ठरतात. १९७५ पासूनचे ‘मॉडर्न’, आधीचे महाग. शिवाय सभासदत्व, जाण्यायेण्याचं भाडं, विमा. आम्ही काही जण मिळून एकत्र पेटी पाठवतो, तरी अंकामागे चार-पाच हजारांच्या खाली कधी पडलेलं नाही. एकट्याने एक-दोन अंक पाठवणं म्हणजे चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला. माझा ठोकताळा: १९७५ नंतरचा अंक ९.८ मिळण्यासारखा नसेल तर पाठवायचा नाही. जुना, महत्त्वाचा अंक ३ किंवा ४ मिळाला तरी चालतो. महत्त्वाचा म्हणजे कोणाचा तरी पहिला अवतार. मधले कुठलेतरी अंक नाहीत.

डॉकयार्ड_रोड
कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे, म्हणून दोन शब्द. पाठवताना लोक ‘भेट’ किंवा ‘जुनी पुस्तकं, मूल्य नाही’ लिहितात आणि तिथेच अडकतात. वस्तू परत आली की आपल्या कस्टमला ती नवी आयात दिसते. आपलीच वस्तू परत आलीय हे दाखवता आलं तर सवलत आहे, ४५/२०१७ ही अधिसूचना वाचा. पण त्यासाठी जातानाचे कागद हवेत: अंकाचं नाव, क्रमांक, खरी किंमत, फोटो, पावती. बाहेर काम करून आलेल्या वस्तूच्या बाबतीत त्या कामाचा खर्च आणि विमा-भाडं यांवर शुल्क लागू शकतं, तेही हिशेबात धरा. अमेरिकेच्या बाजूनेही ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, तेव्हा तिकडचं घोषणापत्रही काळजीपूर्वक भरा. आणि मूल्य कमी दाखवलं तर पार्सल हरवल्यावर विमाही तेवढाच मिळतो.

जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी नाही का, असं कोणीतरी विचारणारच म्हणून: पुरावस्तू कायदा १९७२ चा आहे, त्यात साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू येतात, हस्तलिखितं वगैरे ७५. इंद्रजाल अजून लहान आहे.

गिरगाव_ते_मुलुंड
अपडेट. मुलीने रविवारी सगळं पलंगावर चादर घालून मांडलं. स्पायडर-मॅन इंडियाचे चारही अंक निघाले, रुपयांतलेच, मामाने प्लास्टिकच्या पिशवीतून कधी काढलेच नव्हते. जुन्या मार्व्हलमध्ये पेन्सवाले पुष्कळ आहेत, पण ‘पहिला अवतार’ म्हणता येईल असं काही नाही, आणि दोन अंकांतले स्टॅम्प कापलेले. ‘कृष्ण’ ५०१ वाला. इंद्रजालच्या निम्म्या अंकांवर मामाचं नाव, इयत्ता आणि तुकडी शाईने लिहिलेली आहे.

मामीचा निर्णय: इंद्रजाल विकायचे नाहीत. स्पायडर-मॅनचं मुलीवर सोपवलंय. @बोरिवली_फास्ट, तुमच्या पुढच्या पेटीत चार अंकांना जागा आहे का?

बोरिवली_फास्ट
आहे. पण आधी मुखपृष्ठाच्या चारी कोपऱ्यांचे आणि पाठीच्या कडेचे फोटो तिरक्या उजेडात काढून व्यनि (खासगी निरोप) करा. कण्यावर पांढरे टिपके दिसले तर ९.८ विसरा, मग न पाठवलेलंच बरं. इतकी वर्षं त्याच पिशवीत होते म्हणताय, तर पिशवीचं प्लास्टिक कव्हरला चिकटलेलं नाही ना, तेही बघा. पिशवी जोरात ओढू नका.

मध्यमवर्गीय
इंद्रजालसाठी पिशव्या कुठल्या? ऑनलाइन मिळतात त्या ‘करंट साइज’ लिहिलेल्या चालतील का?

कागदवाली
त्या अमेरिकन अंकांच्या मापाच्या, पावणेसात-सात इंच रुंद. इंद्रजालचा आकार वेगळा आहे आणि वर्षांगणिक बदललाही आहे, तेव्हा आपले अंक पट्टीने मोजून मगच घ्या. पॉलिप्रॉपिलीन चालेल, दर काही वर्षांनी बदलायचं. पॉलिएस्टर, ज्याला मायलर म्हणतात, ते उत्तम पण महाग, निवडक अंकांना घ्या. वास येणारं मऊ पीव्हीसी नको, शाळेच्या वहीला घालतो तसलं. मागे पुठ्ठा आम्लमुक्त हवा. अब्दुल रहमान स्ट्रीटला कागदवाले ‘अ‍ॅसिड फ्री’ म्हणून काहीही देतात, तेव्हा पीएच पेन बरोबर न्या आणि दुकानातच कोपऱ्यावर रेघ मारून बघा. साध्या क्लोरोफिनॉल पेनची रेघ जांभळी उमटली तर घ्या, पिवळी उमटली तर परत द्या.